सामायिक बोली बंद

खेळात मी विदुषी होते. सहा भाषा येणारी, खांद्याला झोळी, झोळीत पोथ्या, आणि अंगात बळ म्हणाल तर वाऱ्यानं पडेल इतकंच. हे पात्र मी फार हौसेनं तयार केलं होतं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्या बाईला कुणी काही विचारलंच नाही.

हा खेळ कसा असतो ते आधी सांगते, कारण माझ्या सासरी अजूनही लोकांना वाटतं की मी दर रविवारी गुलमंडीला पत्ते कुटायला जाते. चारपाच जण गोल करून बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो गोष्ट सांगत जातो: तुमच्यासमोर पूल आहे, पुलावर पहारेकरी उभा आहे, आता काय करता? बाकीच्यांचं एकेक पात्र असतं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. आपल्या पात्राच्या तोंडून आपण बोलायचं, आणि जमलं की फसलं हे फासा ठरवतो. खेळ सुरू होताना प्रत्येकाला थोडे गुण मिळतात. ते हवे तसे वाटून टाकायचे. थोडे तलवारीला, थोडे पोहण्याला, थोडे कुलपं उघडायला. भाषांनाही गुण लागतात.

आम्ही जे इंग्रजी नियमपुस्तक वापरायचो त्यात एक भाषा शिकायला जेवढे गुण लागत, तेवढ्यात कुऱ्हाड चालवणं चांगलं एक पायरी वर जायचं. मी सगळे गुण भाषांत घातले. आमच्यातल्या डॉक्टरनं सगळे कुऱ्हाडीत घातले. डॉक्टर म्हणजे गुरांचा डॉक्टर. दौलताबादच्या पुढं त्याचं गाव, घरी मेंढरं, आणि आवाज असा की माळावरून हाक मारली तर कळप वळावा. माझा कागद बघून तो म्हणाला होता, "ताई, सहा भाषा? माझी कुऱ्हाड सगळ्यांना कळती की."

त्याचं खरं निघालं. कारण त्याच पुस्तकात एक सामायिक बोली होती. ती सगळ्यांना फुकट येते. राजाला येते, खानावळीवाल्याला येते, गुहेतल्या राक्षसाला येते. मी राक्षसाची भाषा गुण मोजून शिकलेली, आणि राक्षस आपला सामायिक बोलीत डॉक्टरशी गप्पा मारतोय. एकदाच एका थडग्यावरचा लेख वाचायची संधी आली, तर डॉक्टरनं मी वाचायच्या आधीच थडगं फोडलं.

आमची सूत्रधार म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. गुलमंडीत तिच्या वडलांचं कापडाचं दुकान आहे, आणि दुकानाच्या वरच्या खोलीत, थानांच्या थप्प्यांमध्ये पांढरी चादर अंथरून आमचा खेळ चालायचा. घरी ती दखनी बोलते, दुकानात मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. मी कुरकुर केली की ती म्हणायची, "अगं, पुस्तकात तसंच लिहिलंय, मी काय करू?" पण तिच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं की ती फासा तळहातावर नुसता लोळवत बसते, आणि तेव्हाही ती तो लोळवत होती.

मग धाकटी आली.

ती वाळूजला माझ्याच कंपनीत, माझ्याच विभागात नवी लागली होती. मदुराईची. नुकतंच कॉलेज संपलेलं, बजाजनगरात माझ्याच गल्लीत खोली घेतलेली. इंग्रजी फाडफाड, हिंदी मोडकी, मराठी शून्य. कामावर तिचं काही अडायचं नाही, पण संध्याकाळी भाजीच्या गाड्यापुढं ती बोटानं दाखवून भाजी घ्यायची आणि मान खाली घालून निघून जायची. मला ती पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हणायला लागली. मी म्हटलं, अगं आमच्यातही थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. तिला इतका आनंद झाला की तिनं ते लगेच आईला फोन करून सांगितलं.

एका रविवारी मी तिला स्कूटीवर घालून गुलमंडीला नेलं. तिला खेळ आवडला. तिनं पात्र घेतलं चोराचं, भिंतीवरून सरसर चढणारं. डॉक्टरनं विचारलं, तुमच्या भाषेत चोरणीला काय म्हणतात? ती म्हणाली, तिरुडी. आणि चोर असेल तर तिरुडन. डॉक्टरला तो शब्द एवढा आवडला की तो दिवसभर फासा टाकताना "तिरुडन!" असं ओरडत होता.

पण तिच्यासाठी आम्ही सगळे इंग्रजीवर गेलो होतो, आणि तिथं खेळाचं पाणी झालं. एरवी राक्षसाला "ये की रं, बघतोच तुला!" म्हणणारा डॉक्टर आता मुलाखतीला बसल्यासारखा ताठ बसून म्हणायचा, "आय अटॅक." मैत्रिणीचे खानावळीवाले, दरोडेखोर, म्हाताऱ्या चेटकिणी, सगळे एकाच बँकेत नोकरीला असल्यासारखे बोलायला लागले. तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी परतताना धाकटी मागच्या सीटवरून इंग्रजीत म्हणाली, "अक्का, पुढच्या वेळी मी नाही येत."

"का गं?"

"डॉक्टर फोनवर घरी बोलतात तेव्हा किती हसतात. माझ्यासमोर हसत नाहीत. तुम्ही सगळे माझ्यासाठी हळू बोलता. मला ते कळतं."

घरी पोचल्यावर मैत्रिणीला फोन केला आणि जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "तिला आण. कशीही आण. म्हणावं, ह्या रविवारी नवे नियम आहेत."

त्या रविवारी आम्ही बसलो, आणि मैत्रिणीनं नियमपुस्तक मिटून थानांच्या थप्पीवर ठेवून दिलं.

"आजपासून सामायिक बोली बंद," ती म्हणाली. "आपल्या दुनियेत सगळ्यांना येणारी अशी भाषाच नाही. बाजारातले लोक दखनी बोलतात. डोंगरातले मेंढपाळ डॉक्टरच्या घरी बोलतात तसं बोलतात. राजवाड्यात ही बोलते तसली शुद्ध मराठी." माझ्याकडं बोट. "आणि ज्यांनी डोंगर कोरून दरवाजे केले ते पाषाणाचे राक्षस तमिळ बोलतात."

धाकटीनं चमकून वर पाहिलं.

मग मैत्रिणीनं पायऱ्या सांगितल्या, आणि मी त्या धाकटीला इंग्रजीत समजावत गेले. भाषा येते किंवा येत नाही, एवढ्यावर भागायचं नाही. पहिल्या पायरीवर फक्त वस्तूंची नावं आणि हातवारे. दुसऱ्या पायरीवर वाक्य करायचं, पण फक्त आत्ताचं. कालचं नाही, उद्याचं नाही. तिसरीवर सगळं बोलता येईल, पण विनोद आणि म्हणी सोडून. चौथ्या पायरीवर भांडता येईल. ज्या पात्राची जी पायरी, तेवढंच बोलायचं, जास्त बोललात तर तुमचं तोंड मी बंद करणार. फासा फसला तर तुमच्या वाक्यातला एक शब्द मी बदलणार. आणि पायरी चढायला गुण उपयोगाचे नाहीत. इथं, ह्या चादरीवर, खरोखर शब्द शिकून वापरून दाखवायचे.

"नात्यानं हाक मारली तर फाशात दोन जादा," ती शेवटी म्हणाली. "अक्का, अण्णा, भाई, मावशी, काहीही. नात्यानं बोलावलं की माणूस जरा थांबतोच."

डॉक्टर म्हणाला, "मंजी मी माझ्या बोलीत बोलू?"

"व्हय," मैत्रीण म्हणाली. "आणि धाकटीला समजलं नाही तर नाही समजलं. तिचं पात्र विचारील."

ती दुपार मी विसरणार नाही. डॉक्टरला दावं सोडल्यासारखं झालं. तो मांडी मोडून गुडघ्यावर आला आणि डोंगरातल्या मेंढपाळांशी असा बोलायला लागला की मलाच अर्धं कळेना. माझ्या विदुषीला बाजारात खेचर हवं होतं. मी म्हटलं, "महोदय, आम्हांस एक भारवाही पशू अपेक्षित आहे." मैत्रिणीनं व्यापारी होऊन डोळे बारीक केले. "क्या बोलरे बाई तुम? हमना तो कुछ समझ में नै आरा." मी चार वेळा सांगितलं, चारी वेळा तिनं मला वेगळीच वस्तू आणून दाखवली. शेवटी मला 'भाईजान' म्हणायचं सुचलं आणि दोन जादा मिळून खेचर मिळालं.

धाकटीच्या चोरणीला राजवाड्याची भाषा दुसऱ्या पायरीची मिळाली होती. त्या बळावर तिला पहारेकऱ्याला सांगायचं होतं की काल राक्षस आला होता, मी त्याला पळवून लावलं. पण काल हा शब्दच वापरायचा नाही. आदल्या आठवड्यात मी शिकवलेल्या चार शब्दांवर तिनं बराच विचार केला, आणि एकेक बोट उघडत म्हणाली,

"राक्षस आहे. मी आहे." थोडं थांबून, छाती पुढं काढून, "राक्षस नाही."

डॉक्टर मागच्या थानांवर आडवाच झाला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि धाकटी त्याच्याकडं बघत राहिली. मग तीही हसायला लागली. घरी येताना ती स्कूटीवर मोठ्यानं "राक्षस नाही!" असं ओरडत होती आणि नगर नाक्याच्या सिग्नलला एका रिक्षावाल्यानं तिला हात जोडले.

मग आठवडाभर ती पायरी चढायच्या मागं असायची. कॅन्टीनमध्ये पोळी वाढणाऱ्या मावशींना वस्तूंची नावं विचारायची. घरमालकिणीशी बोलायला जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसायची. एके दिवशी कामाच्या मध्येच माझ्या टेबलाशी आली, घाईनं. "अक्का, घरमालकीण मला 'अगोचर' म्हणाल्या. हे चांगलं की वाईट?"

"काय केलंस?"

"त्यांच्या लोणच्याच्या बरणीत चमचा घातला. ओला."

मी म्हटलं, वाईट आहे, पण प्रेमाचं आहे. घरच्यांनाच म्हणतात तसं. ती खूश होऊन गेली, आणि रविवारी तिनं हा शब्द पाषाणाच्या एका मांजरावर वापरला. मैत्रिणीनं नकाराची मान हलवली, पण मांजर मात्र उठून गेलं.

आम्हीही तिच्याकडून शिकत होतो. माझ्या विदुषीची पाषाणांची भाषा हळूहळू दुसऱ्या पायरीवर आली. तण्णी म्हणजे पाणी. वेंडाम म्हणजे नको. कदवु म्हणजे दार, आणि दार उघडा म्हणायचं असेल तर 'कदव तिरंग'. धाकटीच्या आईचा फोन रोज यायचा आणि 'साप्टींगळा?' म्हणजे जेवलात का, ह्या शब्दानंच सुरू व्हायचा, त्यामुळे तो सगळ्यांनाच पाठ झाला होता.

पुढं एका रविवारी आम्ही गोष्टीत त्या कोरलेल्या डोंगरापाशी पोचलो. धाकटीच्या चोरणीनं उत्साहानं दरवाजाला हात लावला, आणि तिचा दगड झाला. मैत्रीण म्हणाली, "आता तू बोलायचं नाहीस. दगड बोलत नाही." धाकटीनं निमूटपणे तोंडावर हात ठेवला. इतक्या निमूटपणे की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मैत्रिणीनं आपला फोन थानांच्या थप्पीला टेकवून उभा केला, आणि त्यातून एकदम कान फाटेल अशी शिट्टी वाजली.

पडद्यावर धाकटीची आई होती. त्या मदुराईला शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत. गळ्यात शिट्टी, कपाळाला विभूती, आणि डोळे वटारलेले. त्यांना तमिळशिवाय दुसरं फारसं येत नाही.

"यारु नींग?" त्या गरजल्या. तुम्ही कोण?

मी सावरून बसले. दुसरी पायरी, म्हणजे फक्त आत्ताचं बोलायचं. मी हात जोडून 'अक्का' म्हटलं. दोन जादा. त्यांचा चेहरा जरासा सैल पडला, पण लगेच त्यांना आपण राक्षस असल्याचं आठवलं.

शिट्टी ऐकून मैत्रिणीचे वडील जिना चढून वर आले. "ये कोन सीटी मारा? गिराकां पूछ रैं नीचे." मैत्रिणीनं सांगितलं, अब्बा, ह्या डोंगराच्या राखणदार आहेत, आम्हाला आत जायचंय. त्यांनी टोपी नीट केली, फोनकडं बघून "सलाम बहनजी" म्हणाले, आणि दुकान विसरून थप्पीवर टेकले.

फोनमधून पुढचा प्रश्न आला. "साप्टींगळा?"

डॉक्टरला हा शब्द येत होता, आणि त्याला खोटं बोलता येत नाही. त्यानं खरोखरच काही खाल्लं नव्हतं. "इल्ल," तो म्हणाला. नाही.

पुन्हा शिट्टी. मग तमिळचा असा लोंढा आला की माझी दुसरी पायरी त्यात वाहून गेली. एवढंच कळलं की उपाशी माणसाला ह्या दारातून आत सोडत नाहीत. दगड झालेली धाकटी हसू दाबून थरथरत होती. मैत्रिणीचे वडील मात्र लगेच उठले. "सही बात है," म्हणाले, आणि जिन्यातून खाली घरात हाक मारली. थोड्या वेळात मैत्रिणीच्या आईनं पाठवलेली खिचडी आणि चिंचेचा खट्टा वर आला. आम्ही तिघांनी फोनसमोर बसून, राखणदारीण प्रत्येक घासावर लक्ष ठेवून असताना, ताट संपवलं. डॉक्टरनं थोडी ठेवली होती. "तम्बी," धाकट्या भावाला दटावावं तसं त्या बोटानं दाखवत म्हणाल्या. त्यानं तीही संपवली.

आता दार उघडा म्हणायचं राहिलं होतं. मी म्हणणार, एवढ्यात मैत्रीण म्हणाली, "डॉक्टर म्हणेल. खाल्लं त्यानं जास्त."

डॉक्टरनं फासा टाकला. फसला. तो उठून उभा राहिला, घसा खाकरला, आठवू लागला. कदवु तर आठवलं. पुढचा शब्द 'तिर'नं सुरू होतो एवढं आठवलं. आणि मग त्याच्या आवडीचा शब्द आपोआप तोंडात आला. छाती भरून, माळावरच्या आवाजात तो म्हणाला,

"कदवु तिरुडन!"

दारचोर.

राखणदारीण हसायला लागली. शिट्टी तोंडात तशीच होती, त्यामुळे हसण्याबरोबर ती तुटक तुटक वाजत होती. धाकटी थप्पीवरून घसरून थेट चादरीवर आली. डॉक्टर घाबरून माझ्याकडं वळला. "ताई, काय म्हनलो मी आता? वंगाळ हाय का काही?"

मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "मला शब्द बदलायची गरजच पडली नाही रे."

राखणदारीण भानावर आली, आणि सूत्रधाराला न विचारताच तिनं निकाल दिला. जो दारासमोर उभा राहून मी दार चोरतो म्हणून सांगतो, तो प्रामाणिक माणूस. "वांग, वांग," ती दोन्ही हातांनी बोलावत म्हणाली. या, या. दार उघडलं.

धाकटीचा दगड वितळला. ती उठून बसली, केस मागं सारले, आणि तिच्या तोंडून घाईघाईनं मराठी बाहेर पडली. "मी सगळं ऐकलं! मी दगड होते, पण मी सगळं ऐकलं!"

आम्ही तिच्याकडं बघतच राहिलो. ऐकलं. होते. दोन्ही कालचं. कुणी शिकवलं नव्हतं, घरमालकिणीच्या पायरीवर बसून तिनं ते कुठून तरी उचललं होतं. मैत्रिणीनं तिच्या कागदावरची दोनाची पायरी खोडली आणि तीन लिहिली. खाली गिऱ्हाईक वाट बघत होतं, तरी अब्बांनी टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याच्या सुट्टीत धाकटीची आई खरोखरच आली. डॉक्टरच्या आईनं सगळ्यांना गावी जेवायला बोलावलं होतं. किल्ला मागं टाकून आम्ही त्यांच्या शेतावर पोचलो तेव्हा मेंढरं नुकतीच माळाला निघाली होती, आणि डॉक्टरच्या आई पदर खोचून बांधाशी उभ्या होत्या. मी पुढं होऊन ओळख करून देणार तोच त्या दोघी एकमेकींचे हात धरून चालायलाही लागल्या होत्या. एक मराठवाडी बोलत होती, दुसरी तमिळ. दोघींनाही आपापल्या लेकरांच्या खाण्यापिण्याबद्दल बरंच सांगायचं असावं, कारण दोघी मध्येच थांबून आमच्याकडं बघायच्या आणि मान हलवायच्या.

जेवण झाल्यावर डॉक्टरच्या आईंनी पाटीभर फळं आणून समोर ठेवली. "घ्या, घरची सीताफळं हायत."

धाकटीच्या आईनं एक उचललं, वास घेतला, आणि एकदम म्हणाल्या, "सीत्ताप्पळम!"

"व्हय, सीताफळ!"

"सीत्ताप्पळम!"

"तेच की वो बाई, सीताफळ!"

दोघींनी हा शब्द इतक्या वेळा एकमेकींना म्हणून दाखवला की डॉक्टरचे वडील खाटेवरून उठून बघायला आले. मग दोघींनी बसकण मारली, आणि फळं फोडून बिया थुंकत, अंगठ्यानं दाबून पिकलेली एकीकडं आणि कच्ची दुसरीकडं अशी निवड सुरू केली. कच्ची आम्हाला घरी न्यायला होती. एका फळावर त्यांचं जमेना. एकीला ते पिकलेलं वाटत होतं, दुसरीला कच्चं. बरीच बोलाचाली झाली, आवाज चढले, शेवटी धाकटीच्या आईनं ते फोडलंच. आत पांढरंशुभ्र, गोड, अगदी तयार. डॉक्टरच्या आईंनी अर्धं घेतलं, अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं.